नॅरोबोटीचं वेळापत्रक दर वेळी का कोलमडतं, आणि मार्ग आखतानाच ते कसं सावरायचं

दर उन्हाळ्यात, इंग्लंडमधल्या कालव्यांवर नॅरोबोट, म्हणजे आत राहता येईल अशी लांब-अरुंद बोट, भाड्याने घेऊन निघालेल्या ओळखीतल्या एखाद्या मराठी कुटुंबाचा फोन येतो आणि तक्रार तीच असते. "ताई, आज संध्याकाळी बोगद्यापलीकडे असायला हवं होतं, अजून निम्म्यातही नाही. मुलं कंटाळलीत, शनिवारी सकाळी बोट परत द्यायची आहे. काय करू?" बोट बिघडलेली नसते, पाऊस फार नसतो, कुणी आळसही केलेला नसतो. तरी पहिल्या दिवशी दोन तास, दुसऱ्या दिवशी चार तास असं मागे पडत पडत चौथ्या दिवशी सगळी सहल घड्याळामागे धावायला लागते.

आमचं पहिल्या दोन वर्षी अगदी हेच झालं. आम्ही मँचेस्टरजवळ राहतो, सुट्टीत भाड्याची नॅरोबोट घेतो, सोबत बहुतेक वेळा दीर-जाऊ असतात. आता दर सहलीआधी मी वहीत हिशेब मांडते आणि गेली काही वर्षं आम्ही वेळेत पोचतो. तो हिशेब आणि चूक नेमकी कुठे होते, ते इथे सविस्तर लिहिते आहे. बहुतेक उदाहरणं मी स्वतः फिरलेल्या भागातली, म्हणजे चेशर आणि स्टॅफर्डशरमधली, घेतली आहेत.

हिशेब कुठे चुकतो

दुसऱ्या वर्षी आम्ही फोर काउंटीज रिंग करायचं ठरवलं. चार परगण्यांतून फिरून पुन्हा सुरुवातीच्या जागी आणणारा हा वर्तुळाकार मार्ग 110 मैलांचा आहे आणि त्यावर 94 लॉक आहेत. लॉक म्हणजे कालव्याच्या चढ-उतारावरची, दोन्ही टोकांना दरवाजे असलेली पाण्याची कोठी; तिच्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. शनिवारी दुपारी मिडलविचला बोट ताब्यात घेतली आणि रात्री गावातच बांधून ठेवली. रविवारचा बेत दिरांनी आखला होता. मिडलविच ते किड्सग्रोव्ह 12 मैल, कालव्यावरची वेगमर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे 3 तास. मध्ये 31 लॉक, दर लॉकला पाच मिनिटं, म्हणजे अडीच तासांच्या आसपास. सकाळी नऊला निघायचं, तीनपर्यंत हेअरकॅसल बोगद्याशी, संध्याकाळी स्टोकमध्ये चहा.

त्या संध्याकाळी अंधार पडायला लागला तेव्हा आम्ही चर्च लॉटनला होतो. बोगदा तर लांबच, वरचे लॉकही चढायचे राहिले होते. जाऊबाईंच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते.

या हिशेबात दोन आकडे चुकीचे होते आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हिशेबात तेच दोन चुकीचे असतात.

पहिला वेगाचा. ताशी 4 मैल ही मर्यादा आहे, तो बोटीचा वेग नव्हे. काठावर बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद करावं लागतं, नाहीतर आपल्या लाटेने त्यांचे दोर ताणले जातात, खुंट्या उपटतात आणि आतल्या माणसाच्या हातातला चहा सांडतो. गावाजवळ अशा बोटींची रांग अर्धा-अर्धा मैल असते. वळणावर, पुलाखाली, समोरून बोट आली की पुन्हा मंद. उथळ पाण्यात जोर लावला तर बोटीचं मागचं टोक खाली बसतं, काठ धुपतो, आणि वेग मात्र वाढत नाही. दिवसभराची सरासरी काढली तर ती ताशी अडीच-तीन मैलांच्या पुढे क्वचित जाते. काठावरून फिरायला निघालेले आजोबा तुम्हाला मागे टाकून जातात, आणि ते तसंच असायला हवं.

दुसरा आकडा लॉकचा. पाच मिनिटं लागतात ती फक्त लॉक भरायला. पण वर चढायचं असेल तर आधी कुणीतरी पुढे चालत जाऊन लॉक भरलेलं आहे की रिकामं ते बघायचं. भरलेलं असेल तर खालच्या झडपा उघडून रिकामं करायचं, खालचे दरवाजे उघडायचे, बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, झडपा पाडायच्या, मग वरच्या झडपा हळूहळू उघडून भरायचं, वरचा दरवाजा पाठीने रेटून उघडायचा, बोट बाहेर काढायची आणि पुन्हा सगळं बंद करून धावत बोट गाठायची. झडपा उघडायला विंडलास नावाचा लोखंडी दांडा लागतो. तो फिरवला की दातेरी पट्टी टक्-टक्-टक् करत वर येते, अडकण नीट बसली का ते बघावं लागतं. एका अरुंद लॉकमधून एका वेळी लाख-सव्वा लाख लिटर पाणी खाली जातं. इतकं पाणी घाईने सोडलं तर बोट पुढेमागे आपटते. नवख्या माणसांना या सगळ्याला वीस मिनिटं लागतात, सरावलेल्यांना बारा-पंधरा.

आपल्याकडे भोरहून महाडला वरंध घाटातून जायचं असेल तर कुणी नुसते किलोमीटर मोजत नाही. घाटातला मैल आणि सपाटीवरचा मैल वेगळा हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. कालव्यावर पाणी सपाट दिसतं म्हणून आपण फसतो. कालव्यावरचा घाट म्हणजे लॉक. व्हीलॉक ते किड्सग्रोव्ह या सुमारे 7 मैलांत 26 लॉक आहेत. बोटवाले त्या चढाला हार्टब्रेक हिल म्हणतात. नकाशावर तो पट्टा बोटाच्या पेरापेक्षा मोठा दिसत नाही.

यावर इथले जुने बोटवाले एक साधा तोडगा वापरतात. मैल आणि लॉक यांची बेरीज करायची, त्याला लॉक-मैल म्हणायचं आणि 3 ने भागायचं. येतात ते तास. आमच्या त्या रविवारचा हिशेब असा मांडला असता तर 12 अधिक 31 म्हणजे 43, भागिले 3 म्हणजे 14 तासांहून जास्त. साडेपाच तासांचं काम समजून आम्ही 14 तासांचं काम हाती घेतलं होतं. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी पहिले दोन दिवस अडीचने भागायला सांगते.

मिडलविचपासून वर चढताना बऱ्याच ठिकाणी दोन लॉक शेजारी-शेजारी आहेत. त्यातलं जे तयार असेल ते घ्यावं, वेळ वाचतो. काही जोड्यांमधलं एक बंद पडलेलं आहे, ते दुरून कळत नाही. पुढे चालत गेलेल्या माणसाने हाताने खूण करायची अशी आम्ही पद्धत ठेवली आहे. त्या माणसाला सायकल असेल तर फारच बरं: तो पुढचं लॉक तयार करतो, तोवर मागचे बोट बाहेर काढतात. एवढ्या एका गोष्टीने दर लॉकमागे तीन-चार मिनिटं वाचतात आणि 26 लॉकमध्ये त्याचा दीड तास होतो.

आठवड्याचे दिवस सात नसतात

ही चूक फारच सार्वत्रिक आहे म्हणून वेगळी लिहिते. भाड्याची बोट साधारणपणे दुपारी दोन-तीननंतर मिळते. मग इंजिन, गॅस, पाण्याची टाकी, संडासाची टाकी हे सगळं समजावून सांगण्यात तास जातो. परत द्यायची असते ती शेवटच्या दिवशी सकाळी नऊच्या आसपास. म्हणजे शनिवार ते शनिवार या आठवड्यात पूर्ण दिवस सहाच, आणि पहिल्या संध्याकाळचे फार तर दोन तास. अंधारात भाड्याची बोट चालवता येत नाही.

आता फोर काउंटीज रिंगचा हिशेब करा. 110 अधिक 94 म्हणजे 204, भागिले 3 म्हणजे 68 तास. सहा दिवसांत ते बसवायचे तर रोज 11 तास सुकाणूवर. त्यात टाकीत पाणी भरायला रोज पाऊण तास, दुकानातून दूध-भाजी आणायला अर्धा तास, स्वयंपाक, मुलांची आंघोळ. चार धट्टेकट्टे मित्र असतील तर होतं, आनंदाने होतं. मुलंबाळं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर मी दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त धरत नाही आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण मोकळा ठेवते. म्हणजे आठवड्याला साधारण 30 तास, 90 लॉक-मैल. तेवढ्यात जे बसेल तेच आपलं.

वर्तुळाकार मार्गाची एक अडचण लोकांच्या लक्षात येत नाही. अर्ध्याच्या पुढे गेलात की परत फिरणंही तितकंच लांब पडतं, त्यामुळे उशीर झाला तरी पुढेच रेटावं लागतं. जाऊन-येऊन मार्ग असेल तर कुठूनही वळता येतं. आठवड्यासाठी मी बहुतेकांना स्टोक-ऑन-ट्रेंटमधून निघणारा कॅल्डन कालवा सुचवते. एट्रुरियापासून फ्रॉगहॉलपर्यंत 17 मैल आणि 17 लॉक, म्हणजे जायला 11-12 तास आणि यायला तेवढेच. स्टोकचा कुंभारकामाचा भाग मागे पडला की चर्नेट नदीचं दाट झाडीचं खोरं सुरू होतं. कॉन्सॉल स्टेशनची जुनी प्रतीक्षाखोली कालव्याच्या पाण्यावर पुढे आलेली आहे आणि बोट तिच्याखालून अलगद सरकते. ते बघायला वेळ हाताशी हवा.

बंद होणाऱ्या दारांपासून उलटं मोजा

तासांचा हिशेब बरोबर केला तरी वेळापत्रक मोडायचं दुसरं कारण उरतं. कालव्यावरचे बहुतेक लॉक आपले आपण केव्हाही चालवायचे असतात. पण काही ठिकाणी रखवालदार असतो, ठरलेल्या वेळा असतात आणि शेवटचा प्रवेश संध्याकाळच्या बराच आधी असतो. ती वेळ हुकली की थेट दुसरा दिवस.

हेअरकॅसल त्यातलंच. किड्सग्रोव्हच्या डोंगराखालून जाणारा हा बोगदा 2,926 यार्ड लांब आहे, म्हणजे पावणेतीन किलोमीटरला थोडा कमी. जेम्स ब्रिंडलीने आखलेला पहिला बोगदा 1777 मध्ये पुरा झाला, खोदायला 11 वर्षं लागली. त्यात काठावरून चालायला वाट नव्हती, घोडे डोंगरावरून जायचे आणि माणसं बोटीवर आडवी झोपून भिंतीला पाय लावून बोट ढकलत न्यायची. गर्दी आवरेना म्हणून थॉमस टेलफर्डने शेजारी दुसरा बोगदा काढला, तो तीन वर्षांत होऊन 1827 मध्ये खुला झाला. आज वापरात आहे तो टेलफर्डचा. ब्रिंडलीच्या बोगद्याचं बंद तोंड शेजारीच दिसतं. खडकातल्या लोहामुळे तिथलं पाणी गेरू कालवल्यासारखं तांबूस असतं.

बोगद्यात एका वेळी एकाच दिशेने बोटी जातात. रखवालदार त्यांचा गट करून सोडतो, दिवा आणि भोंगा तपासतो, लाइफ जॅकेट घालायला लावतो, अडचण आली तर भोंगा कसा वाजवायचा ते सांगतो. पार व्हायला 40 मिनिटांच्या आसपास लागतात. दक्षिणेच्या तोंडाला मोठे दरवाजे आणि पंखे आहेत. बोटी आत गेल्या की दरवाजे लावून पंखे सुरू करतात, म्हणजे इंजिनांचा धूर बाहेर ओढला जातो. आपण आत शिरायला तयार आणि पलीकडून गट निघालेला असेल तर तो बाहेर येईपर्यंत थांबायचं. वेळा हंगामानुसार बदलतात, हिवाळ्यात आधी कळवावं लागतं. निघायच्या आदल्या आठवड्यात कालव्यांचा कारभार बघणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टच्या पानावर त्या दिवसाच्या वेळा बघून वहीत लिहून ठेवा.

त्या वर्षी आम्ही सोमवारी सकाळी उरलेले लॉक चढून बोगद्याशी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. पुढे चार बोटी, आणि पलीकडून येणारा गट अजून आत. आमचा नंबर दुपारी एकला लागला. बोगद्यापलीकडे गेलो तेव्हा जवळजवळ अख्खा दिवस हातातून गेला होता आणि तो पुढे कधीच भरून निघाला नाही. शनिवारी बोट दोन तास उशिरा परत दिली, जादा पैसे भरले, आणि आमच्यानंतर तीच बोट घेणारं कुटुंब सामान घेऊन धक्क्यावर ताटकळत उभं होतं. त्यांच्या लहान मुलीचा चेहरा मला अजून आठवतो.

आता मी मार्ग आखते तेव्हा सुरुवातीपासून पुढे मोजत नाही. आधी वाटेतली बंद होणारी दारं शोधते, त्यांच्या वेळा लिहिते आणि तिथून मागे मोजत येते. नियम एकच: अशा दाराशी सकाळी पोचायचं, म्हणजेच आदल्या रात्री त्याच्या आसपास मुक्काम करायचा. मिडलविचहून चढायचं तर रविवारी हॅसल ग्रीनपर्यंत, सोमवारी रेड बुलच्या लॉकांच्या वरपर्यंत आणि मंगळवारी सकाळच्या पहिल्या गटात हेअरकॅसल. हॅसल ग्रीनला एम-6 महामार्ग डोक्यावरून जातो आणि रात्री गाड्यांचा आवाज येतो, म्हणून मुक्काम थोडा अलीकडे-पलीकडे करावा.

इतर ठिकाणचे नियम निराळे आहेत. हडर्सफील्ड नॅरो कालव्यावरचा स्टँडेज हा ब्रिटनमधला सर्वांत लांब कालवा-बोगदा, पाच किलोमीटरहून मोठा. 1811 मध्ये खुला झाला, 1944 मध्ये बंद पडला आणि 2001 मध्ये पुन्हा सुरू झाला. तिथे आधी नोंदणी केल्याशिवाय जाता येत नाही आणि ट्रस्टचा माणूस बरोबर असतो. मिडलविचच्या उत्तरेला प्रेस्टन ब्रुक बोगदा घड्याळावर चालतो: उत्तरेकडे जाणाऱ्यांनी तासाच्या ठोक्यापासून दहा मिनिटांत शिरायचं, दक्षिणेकडे जाणाऱ्यांनी साडेच्या ठोक्यापासून दहा मिनिटांत. तिथे रखवालदार नाही, त्यामुळे आपलं घड्याळ बरोबर असणं ही आपली जबाबदारी. लेस्टरशरमधल्या फॉक्स्टनला पाच-पाच लॉकचे दोन जिने आहेत. एका लॉकचा वरचा दरवाजा हाच पुढच्याचा खालचा दरवाजा, त्यामुळे जिन्यात समोरासमोर बोटी येऊन चालत नाही. चढायला तासभर पुरतो, पण उन्हाळ्यात पाळी लागायलाच दोन-तीन तास जाऊ शकतात. मी हडपसरची, लहानपणी मुठा उजव्या कालव्याच्या काठाने शाळेत जायचे. आमच्या आजोबांच्या शेताला पाण्याची पाळी असायची आणि पाटकऱ्याशिवाय फाट्याच्या दाराला कुणी हात लावत नसे. फॉक्स्टनला रखवालदाराच्या खोपटात जाऊन नाव नोंदवताना मला तेच आठवतं. बोट खाली बांधून आधी चालत वर जायचं, नाव द्यायचं आणि तो सांगेपर्यंत झडपेला हात लावायचा नाही.

उशीर भरून काढायला जाऊ नका

या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलते, कारण वेळापत्रक मोडल्यावर लोक करतात ती खरी धोक्याची गोष्ट इथे आहे.

लॉकमधून खाली उतरताना वरच्या दरवाजाच्या आतल्या बाजूला दगडी उंबरठा असतो. लॉक भरलेलं असताना तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. पाणी उतरू लागलं की तो उघडा पडतो. बोटीचं मागचं टोक त्यावर टेकलेलं राहिलं तर पुढचं टोक पाण्याबरोबर खाली जातं, मागचं तिथेच अडकतं आणि बोट पुढून बुडू शकते. हे सगळं दोन-तीन मिनिटांत होतं. उंबरठ्याची हद्द दाखवायला लॉकच्या काठावर पांढरी रेघ मारलेली असते. सुकाणू तिच्या पुढेच राहिलं पाहिजे.

त्याच सहलीत, उशीर भरून काढायच्या नादात, एका लॉकमध्ये आम्ही दोन्ही झडपा एकदम उघडल्या. मी सुकाणूवर होते आणि मुलाला काहीतरी सांगायला मान वळवली होती. पाण्याच्या ओढीने बोट आधी पुढे गेली आणि मग सावकाश मागे येऊ लागली. पांढरी रेघ माझ्या कोपराच्या रेषेत आली ती मला दिसली नाही, काठावरच्या जाऊबाईंना दिसली. त्या ओरडल्या, "वहिनी, पुढे घ्या!" आणि हातातला दांडा न सोडता त्यांनी झडप खाली पाडली. दिरांनी दुसरी पाडली. पाणी थांबलं, मी बोट पुढे घेतली. उंबरठ्याचा हिरवा, शेवाळलेला दगड पाण्याच्या वर दोन बोटं आला होता.

तेव्हापासून आमच्यात ठरलेलं आहे. उतरताना झडप आधी अर्धीच, सुकाणूवरच्या माणसाने हात वर केल्याशिवाय पुढे नाही, आणि लॉकमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. दर लॉकला दोन मिनिटं जास्त लागतात आणि ती मी हिशेबात आधीच धरते.

उंचीचं दुखणं

बोट बोगद्यात बसेल का, हा प्रश्न लोक निघाल्यावर विचारतात. तो मार्ग आखताना विचारायला हवा, कारण उत्तर नाही आलं तर सगळा मार्गच बदलतो.

नॅरोबोटीची रुंदी 6 फूट 10 इंच असते कारण अरुंद लॉक 7 फुटांचे आहेत. रुंदीची चिंता सहसा नसते. लांबी बघावी लागते: 70 फुटी बोट दक्षिणेकडच्या अरुंद लॉकमध्ये बसते, पण उत्तरेतल्या काही कालव्यांचे लॉक आखूड आहेत, म्हणून सगळीकडे फिरायचं असेल तर लोक 57 फुटांच्या आसपासची बोट बघतात. उंचीचं गणित याहून अवघड, कारण बोगद्याचं छत कमानी असतं. मधोमध भरपूर जागा दिसते आणि बोटीच्या छताचा कोपरा आधी घासतो.

मोजायचं ते असं. सकाळी, वारा नसताना, पाणी शांत असताना मोजा. पाण्याच्या पृष्ठभागापासून केबिनच्या छताच्या कडेपर्यंतची उंची, त्या कडेपाशी केबिनची रुंदी, आणि छतावरच्या सर्वांत उंच पक्क्या वस्तूपर्यंतची उंची. पुढे आणि मागे दोन्हीकडे मोजायचं, कारण पाण्याची टाकी बहुधा पुढच्या बाजूला असते आणि भरली की पुढचं टोक खाली बसतं, रिकामी झाली की वर येतं. त्यामुळे बुटक्या बोगद्याआधी टाकी भरून घेणं फायद्याचं. मग छतावरचं सामान उतरवा: सायकली, कुंड्या, धुराड्याचा वरचा नळकांडा, टीव्हीची अँटेना, तिरपे उभे केलेले सौर पॅनल. भाड्याच्या बोटीची उंची मालक सांगतात, पण छतावरची सायकल तुमची असते. पाऊस जोरात झाला असेल तर पाण्याची पातळी काही इंच वाढलेली असू शकते. काल गेलेली बोट आज जाईलच असं नाही.

हेअरकॅसलमध्ये जमीन खचल्यामुळे मधल्या भागात छत खाली आलेलं आहे. बाहेर उंची तपासायची पट्टी लटकवलेली असते, तिला बोट लागली तर थांबायचं. नेहमीची भाड्याची बोट आरामात जाते, पण मागे उभं राहून चालवणाऱ्या उंच माणसाला आत मान वाकवावी लागते. माझा नवरा सहा फुटी आहे, तो अख्खा मधला टप्पा गुडघ्यात वाकून जातो. टोपी घाला, छतातून थंड पाणी थेट मानेवर ठिबकतं. केबिनमधले दिवे लावून ठेवा, म्हणजे भिंती दिसतात.

खरा बुटका बोगदा फ्रॉगहॉलचा. कॅल्डन कालव्याच्या अगदी शेवटी, फक्त 76 यार्डांचा, आणि बहुतेक बोटी त्यात जात नाहीत. अलीकडे फ्लिंट मिल लॉकपाशी त्या बोगद्याच्या मापाची चौकट आहे. तिथे कळतं. आमच्या बोटीच्या छताची डावी कड चौकटीला लागली, फार तर इंचभर. मुलगा म्हणाला, हळू गेलं तर होईल. नाही होत. बोगद्यात अडकलेली बोट मागे घेणं किती कठीण, हे कुणी अनुभवून बघू नये. बोगद्याच्या अलीकडे वळायची जागा आहे. आम्ही बोट वळवून बांधली आणि वरच्या वाटेने पायी पलीकडे गेलो. पाच-दहा मिनिटांत फ्रॉगहॉलचा धक्का येतो, जुन्या चुनाभट्ट्यांच्या उंच कमानी समोर उभ्या राहतात. डबा तिथेच सोडला.

निघायच्या आधीचं शेवटचं काम

ट्रस्टच्या बंद मार्गांच्या सूचना बघणं. मोठी दुरुस्तीची कामं नोव्हेंबर ते मार्च या काळात काढतात, तेव्हा हिवाळ्यातल्या सहलीचा मार्ग या यादीवरूनच ठरवायचा. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तरी कालवे बंद होतात: 2025 च्या कोरड्या हंगामात लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा पट्टा मे महिन्यापासूनच बंद करावा लागला होता. नदीत शिरणारा मार्ग असेल, सोअर किंवा ट्रेंटसारखा, तर पावसानंतर लॉकपाशी पातळीची रंगीत पट्टी बघा. पाणी लाल पट्टीत असेल तर बोट बांधून ठेवायची. सूचना ईमेलने मागवता येतात, आपल्या मार्गातले कालवे निवडून ठेवले की झालं. आम्ही रोज रात्री जेवणं झाल्यावर उद्याच्या टप्प्याची सूचना एकदा बघतो.

तरीही मागे पडलात तर

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही उघडा आणि उरलेले लॉक-मैल पुन्हा 3 ने भागा. तास दिवसांत बसत नसतील तर तेव्हाच वळायचं ठरवा, चौथ्या दिवसाची वाट बघू नका. वळायच्या जागेला इथे विंडिंग होल म्हणतात. वारा या अर्थाच्या विंडसारखाच त्याचा उच्चार. नकाशावर ती खुणेने दाखवलेली असते आणि किती फुटांची बोट वळेल ते मार्गदर्शकांत लिहिलेलं असतं. लांब बोट लहान जागेत आडवी अडकली तर दोन्ही बाजूंची वाहतूक थांबते, म्हणून आपल्या बोटीची लांबी पाठ हवी. बोटमालकाला लगेच कळवा. दोन दिवस आधी सांगितलं तर ते वाट सुचवतात.

यंदा ऑगस्टमध्ये असाच फोन आला, रोड हीथहून. नवरा-बायको, दोन मुलं, आजी, आणि डोक्यात अख्खी रिंग. मी दोनच प्रश्न विचारले: बोट किती फुटी, आणि पुढचं विंडिंग होल कुठे. त्यांनी दुसऱ्या सकाळी बोट वळवली. उतरताना धाकट्याने पहिल्यांदा विंडलास फिरवला, दर लॉकनंतर आजी डेकवर बसून आकडा मोजत होत्या, आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता ते मिडलविचला होते.